स्नेअरवर कुठला माइक? एसएम५७, बीटा ५७ए, एम२०१ आणि बाकी मंडळी, पुण्यातल्या छोट्या खोलीत वापरून

स्नेअरसाठी (किटमधला, खाली वायर लावलेला मुख्य फटक्याचा ड्रम) कुठला माइक घेऊ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, तुझी हाय-हॅट (शेजारची झांजांची जोडी) स्नेअरपासून किती लांब असते? कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. समोरून स्नेअर कसा ऐकू येतो यात माइकामाइकांत फरक आहे, नाही असं नाही, पण तो इक्यूने (फ्रीक्वेन्सी कमी-जास्त करून) बराचसा जुळवता येतो. मागून आणि बाजूने हॅट किती आत शिरली ते मात्र रेकॉर्ड झालं की झालं. मग स्नेअरला जरा चमक द्यावी म्हणून सात-आठ किलोहर्ट्झला दोन डीबी उचललं की स्नेअरच्या आधी हॅटच अंगावर येते, कॉम्प्रेसर (मोठा-लहान आवाज जवळ आणणारा) लावला की अजून वर येते, आणि गेट (हळू आवाज बंद करणारा) लावायला गेलं तर ड्रमरने जीव लावून वाजवलेल्या बारीक घोस्ट नोट्स तो गेट खाऊन टाकतो. म्हणून माझं सरळ मत असं आहे की स्नेअरचा माइक निवडताना तो काय ऐकतो यापेक्षा तो कुठल्या बाजूने बहिरा आहे ते आधी बघायचं. खाली जे लिहिलंय ते सगळं याच नजरेने वाचा.

आधी जागेचं सांगतो म्हणजे अंदाज येईल. म्हात्रे पुलाजवळ साधारण १० बाय १२ ची खोली आहे, भिंतींना रॉकवूल आणि वर कापड, छत काही फार उंच नाही. कॉलेजचे बँड येतात, ऑर्केस्ट्रात वाजवणारे येतात, कधी जिंगल असते. किट एकच, स्नेअर मात्र प्रत्येक जण आपापला आणतो, बहुतेक १४ इंची, कवच साडेपाच किंवा साडेसहा इंच खोल. अशा खोलीत माइक लांब ठेवून भारी आवाज मिळणं अवघडच, लांब गेलं की स्नेअर कमी आणि भिंती जास्त ऐकू येतात, त्यामुळे स्नेअरचा सगळा भार जवळच्या माइकवर पडतो.

शुअर एसएम५७

हा १९६५ चा माइक, आणि अजून जगभर स्नेअरवर पहिला हाच लावला जातो. डायनॅमिक (चुंबक आणि कॉइलवर चालणारा) आहे, फँटम पॉवर (केबलमधून माइकला जाणारी वीज) लागत नाही, कार्डिऑइड (समोरून ऐकणारा, पाठीमागून बहिरा) आहे. कंपनी रेंज देते ४० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ, म्हणजे वरचं फार काही ऐकत नाही, पण पाच-सहा किलोहर्ट्झच्या आसपास त्याला एक उंचवटा आहे आणि काठी हेडवर (ड्रमच्या पानावर) पडल्याचा जो फटका असतो तो नेमका तिकडेच कुठेतरी असतो. स्नेअरचा मूळ सूर साधारण दीडशे ते अडीचशे हर्ट्झमध्ये असतो, तो माइक जवळ नेला की प्रॉक्सिमिटीमुळे (जवळून खालचे सूर फुगतात त्यामुळे) आपोआप भरून येतो. म्हणजे अंग पण मिळतं आणि फटका पण मिळतो. कुणी तो खास स्नेअरसाठी बनवला होता असं नाही, पण जुळून आलंय खरं.

आणि टिकतो हो. काठीचे फटके खाल्लेले, स्टँडवरून पडलेले, जाळीला पोचे आलेले एसएम५७ मी बघितलेत आणि सगळे चालू होते. स्नेअरवरच्या माइकला कधी ना कधी काठी लागणारच, त्यामुळे हा गुण छोटा नाही.

कार्डिऑइड म्हणजे बरोबर पाठीमागे, १८० अंशावर, सगळ्यात बहिरा. बाजूने, ९० अंशावर, फक्त ६ डीबी कमी. हे आकडे डोक्यात ठेवले की माइक कसा लावायचा ते आपोआप कळतं: शेपूट, म्हणजे माइकचं केबलकडचं टोक, हॅटकडे. उजव्या हाताने वाजवणाऱ्याची हॅट त्याच्या डावीकडे असते, तर माइक हॅट आणि पहिल्या टॉमच्या (समोरच्या छोट्या ड्रमच्या) मधून, हॅटच्या कडेखालून आत आणायचा आणि तीसेक अंश खाली झुकवून हेडच्या मध्याकडे रोखायचा, मग शेपूट आपसूक वर, हॅटच्या पोटाकडे जातं. बरेच जण माइक टॉमच्या अंगाने आडवा घुसवतात, दिसायला नीट दिसतो, पण हॅट बरोबर बाजूला येते आणि बाजूने हा माइक काही बहिरा नाही. मग म्हणतात एसएम५७ मध्ये हॅट फार येते.

उंची रिमच्या (ड्रमच्या कडेच्या) वर दोन-तीन बोटं, आत दोनेक बोटं, इथून सुरुवात करा. तोंड हेडच्या मध्याकडे असलं की फटका आणि अंग जास्त, तोंड रिमच्या जवळच्या भागाकडे वळवलं की रिंग जास्त. खूप खाली नेला तर आवाज जाड होतो खरा, पण ड्रमर जरा काठाकडे सरकून वाजवायला लागला की प्रत्येक फटक्याचा आवाज वेगळा यायला लागतो, कारण एवढ्या जवळून माइकला अख्खा स्नेअर ऐकूच येत नाही, त्याच्या नाकासमोरचा तुकडा ऐकू येतो. ज्याचा हात एकसारखा पडतो त्याच्यासाठी जवळ, ज्याचा पडत नाही त्याच्यासाठी अजून दोन बोटं वर. मोजपट्टीपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

डुप्लिकेटचं पण इथेच सांगतो, कारण या माइकची नक्कल बाजारात भरपूर आहे. एका मुलाने ऑनलाइन कुठूनतरी स्वस्तात मिळाला म्हणून आणला होता, दिसायला डिट्टो. हातात घेतल्यावरच हलका वाटला म्हणून किचनच्या काट्यावर ठेवला, तर कंपनी सांगते त्या २८४ ग्रॅमच्या जवळपास पण नाही. आवाज तर असा की अंग नाहीच, नुसता पत्रा. फार स्वस्त दिसला तर घेऊ नका, बिल आणि वॉरंटी कार्ड असेल तिथूनच घ्या, लक्ष्मी रोड घ्या, कॅम्प घ्या, कर्वे रोड घ्या, कुठूनही, पण बिल पाहिजे.

हॅट कशी शोधायची

आता ही गोष्ट जरा जवळून सांगतो कारण माइक कुठलाही असो, हे केल्याशिवाय मी रेकॉर्ड बटण दाबत नाही. एक इंजिनिअरिंगच्या बँडचा ड्रमर होता, हॅट स्नेअरला जवळजवळ टेकलेली, वाजवायचा छान, पण हॅटवर हात जड. मी त्याला म्हटलं, स्नेअरला हात लावू नकोस, नुसती हॅट वाजव, थांबू नको.

"दादा, पण माइक तर स्नेअरचा लावताय ना?"

"हो रे, वाजव तू."

मी कानाला हेडफोन, ऐकतोय फक्त स्नेअरचा माइक, आणि स्टँडचा बूम (आडवा दांडा) अगदी सावकाश फिरवतोय. टॉमच्या बाजूला होता तेव्हा हॅट इतकी स्पष्ट की हाच हॅटचा माइक आहे म्हणून खपला असता. हळूहळू शेपूट हॅटकडे यायला लागलं तशी तिची कड बोथट व्हायला लागली, सिझल गेली, आणि एका जागी फक्त बारीक टक-टक उरली. तिथून बोटभर पुढे गेलं की परत वाढली. त्याच जागी बूम घट्ट केला. मग त्याला हेडफोन दिला आणि दोन्ही जागा ऐकवल्या, पोरगं स्वतःहून म्हणालं, "दादा, मी हॅट जरा वर घेऊ का?" चार बोटं वर घेतली. त्यानंतर त्या ट्रॅकवर गेट लावायची वेळच आली नाही आणि त्याच्या घोस्ट नोट्स सगळ्या शाबूत राहिल्या.

एवढंच करायचं असतं, आणि याला एक रुपया लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, पाठीमागचा बहिरेपणा सगळ्या फ्रीक्वेन्सीला सारखा नसतो, त्यामुळे हॅट शून्य होणार नाही, पण मिक्सला त्रास देणार नाही इतकी खाली नक्की जाते.

शुअर बीटा ५७ए

हा सुपरकार्डिऑइड. निओडिमियमचा मॅग्नेट असल्यामुळे आऊटपुट एसएम५७ पेक्षा जास्त, वरच्या बाजूला जरा जास्त उघडा. ज्यांना एसएम५७ थोडा नाकातला वाटतो त्यांना हा आवडतो. पण याचा बहिरा कोन पाठीमागे नाही, तो १२६ अंशाच्या आसपास आहे, आणि बरोबर पाठीमागे याला एक छोटा कान आहे, तिथून आवाज बारा-एक डीबी खाली का होईना पण येतो. म्हणजे एसएम५७ काढून त्याच जागी, त्याच कोनात बीटा लावला आणि हॅट वाढली तर माइकला दोष देऊ नका, कोन बदला. तो थोडा टॉमच्या अंगाने आणायचा, म्हणजे हॅट त्याच्या मागच्या खांद्यावर येते. ही गोष्ट ज्यांनी पाळली ते खूश, बाकीचे लगेच विकून मोकळे होतात. लाइव्हला मॉनिटर दोन बाजूंना असतील तेव्हाही हा जास्त सोयीचा पडतो, पण तो वेगळा विषय.

बेयरडायनॅमिक एम२०१

माझा सगळ्यात लाडका. जर्मन, बारीक अंगाचा, दिसायला पेन्सिल कंडेन्सरसारखा (विजेवर चालणाऱ्या बारीक माइकसारखा) पण डायनॅमिक, आणि हायपरकार्डिऑइड. बाजूने ९० अंशावर १२ डीबी खाली आणि ११० अंशाच्या आसपास सगळ्यात बहिरा. पाठीमागे मात्र फक्त ६ डीबी खाली, म्हणजे शेपूट कुणाकडे आहे ते बघावं लागतं. छोट्या किटवर, जिथे हॅट, टॉम, क्रॅश सगळं एकमेकांच्या मांडीवर बसलेलं असतं, तिथे हा पहिल्या टॉमच्या शेजारून सरळ आत घालायचा, हॅट त्याच्या कुशीला येते आणि गायबच होते जवळपास. बारीक असल्यामुळे तो हॅट आणि रिमच्या फटीत मावतो पण, जिथे एसएम५७ घालताना ड्रमरला "जरा सरकून बस" म्हणावं लागतं.

आवाजात एसएम५७ सारखा उंचवटा नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की फटका कमी आहे. पण गाण्यात बसवल्यावर कळतं की स्नेअरच्या कवचाचा आवाज, म्हणजे पितळी आहे की मेपलचा आहे, हे यात जास्त नीट ऐकू येतं. एकाचा पितळी साडेसहा इंची स्नेअर आम्ही दोन्हींवर ऐकला, एसएम५७ वर तो "स्नेअर" होता, एम२०१ वर तो त्याचा स्नेअर होता. जोरात वाजणाऱ्या रॉकमध्ये जिथे दोन गिटार भिंतीसारखे उभे असतात तिथे मात्र एसएम५७ चा तो पाच-सहा किलोहर्ट्झचा कडकपणाच कामाला येतो, तिथे मी एम२०१ चा हट्ट धरत नाही. किमतीचं म्हणाल तर एका एम२०१ च्या पैशात दोन-तीन एसएम५७ येतात. माझ्या मते पहिला माइक म्हणून घेऊ नये, दुसरा म्हणून मात्र डोळे झाकून घ्यावा.

बाकीचे, पटापट

ऑडिक्स आय५: कार्डिऑइड, एसएम५७ च्याच पंगतीत बसणारा, फटका अजून थोडा तयार होऊन येतो. ज्यांना इक्यू करायचा कंटाळा आहे त्यांना आवडेल, मला त्यात ड्रमरचा हात जरा कमी ऐकू येतो. लावायचा एसएम५७ सारखाच.

सेनहायझर ई६०४: रिमवर क्लिपने बसतो, स्टँड लागत नाही, अतिशय हलका, १६० डेसिबलपर्यंत दाब सहन करतो. टॉमला मस्त. स्नेअरवर माझी अडचण अशी की क्लिप जिथे बसते तिथेच तो राहतो, हॅट शोधत फिरवायला जागा फार थोडी मिळते. स्टेजवर गर्दी असेल तर हाच बरा.

सेनहायझर एमडी४२१: १९६० पासूनचा, आवाज मोठा आणि गोल, पण अंगाने पण मोठा. हॅटखाली घालताना मारामारी होते, आणि याची क्लिप सुटते म्हणून जगभर बदनाम आहे. टॉमला, गिटार अँपला ठेवा.

कंडेन्सर लावावा का

लावा, पण आकडा समजून लावा. स्नेअरच्या दोन-तीन बोटांवर आवाज १३० डेसिबलच्या घरात सहज जातो. तेवढ्यावर एसएम५७ साधारण ०.१ व्होल्ट देतो, म्हणून त्याला प्रीअँप (सिग्नल मोठा करणारा भाग) महागडा लागत नाही, साधा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) सुद्धा थोड्या गेनवर आरामात पुरतो. एकेजी सी४५१ सारखा कंडेन्सर त्याच जागी त्याच्या पाचपट-सहापट व्होल्टेज देतो, मग गेन शून्यावर असूनही इनपुट फाटतो आणि पोरं म्हणतात कंडेन्सर खराब आहे. सी४५१ बी वर -१० आणि -२० डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारा स्विच) दिलाय तो याच्यासाठीच. पॅड टाकला की काठीचं टोक, स्नेअर वायरची सळसळ, ब्रशेस, सगळं असं उघडून येतं की डायनॅमिक त्याच्या जवळपास जात नाही. ब्रश आणि हलक्या हाताच्या जॅझसाठी, मराठी भावगीतांच्या अरेंजमेंटमध्ये जिथे स्नेअर नुसता श्वास घेतल्यासारखा वाजतो तिथे मी हाच लावतो.

पण हॅट पण तितकीच उघडून येते. जड हाताच्या ड्रमरवर वरून कंडेन्सर म्हणजे हॅटचाच माइक झाला. तिथे एक जुनी युक्ती चालते, एसएम५७ आणि पेन्सिल कंडेन्सर टेपने एकमेकांना बांधायचे, दोघांचे कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) बरोबर एका रेषेत, आणि कंडेन्सर मिक्समध्ये फक्त चवीपुरता. रेषा चुकली तर दोघांचा आवाज एकमेकांना कापतो, त्यामुळे टेप मारताना घाई करायची नाही.

पुण्यातल्या पावसाळ्यात कंडेन्सरची अजून एक काळजी म्हणजे दमटपणा. जून ते सप्टेंबर खोलीत ओल असतेच, कॅप्सूलला ती बसली की चुरचुर आवाज यायला लागतो. काम झालं की डब्यात, डब्यात सिलिका जेल, आणि ते जेल अधूनमधून बदलायचं. डायनॅमिकला याची एवढी फिकीर नसते.

खालचा माइक आणि उलटा फेज

वायरचा आवाज वरून पुरेसा येत नाही म्हणून खालून दुसरा माइक लावतात. इथे महागडं काही नको, दुसरा एसएम५७ किंवा कुठलाही पेन्सिल कंडेन्सर चालतो, वायरवर थेट नाही, जरा तिरका, वीतभर लांब. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) पेडलच्या जवळ असतो म्हणून त्याची पाठ किककडे.

मुख्य गोष्ट ही की खालच्या माइकची पोलॅरिटी (लाटेची दिशा) उलटवायची. काठी पडली की वरचं हेड वरच्या माइकपासून लांब जातं आणि खालचं हेड खालच्या माइककडे येतं, म्हणजे एकाच क्षणी एक माइक मागे ओढतोय आणि दुसरा पुढे ढकलतोय. दोन्ही तसेच मिसळले की मूळ सूर नाहीसा होतो आणि नुसती खरखर उरते. इंटरफेसवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये तिरकी रेघ मारलेल्या गोलाचं बटण असतं, ते दाबून बघा, ज्यात अंग जास्त ते बरोबर.

याच्याशीच जोडून केबलचं. तपकीर गल्लीत एक्सएलआर केबल करून मिळतात, मी पण तिथूनच कनेक्टर आणि वायर आणतो, स्वस्त पडतं आणि हवी ती लांबी मिळते. पण नवीन केबल आली की मल्टिमीटर लावून बघायचंच: १ ला शिल्ड, २ ला २, ३ ला ३. एका बाजूला २ आणि ३ ची अदलाबदल झाली असेल तर आवाज येतो, अगदी नीट येतो, फक्त उलटा येतो. मग वरचा माइक एकट्याने छान आणि ओव्हरहेड (किटच्या वर लावलेले माइक) उघडले की स्नेअर पोकळ, आणि माणूस दिवसभर माइक बदलत बसतो.

ओव्हरहेडचं दोन ओळीत. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, त्यामुळे स्नेअरपासून मीटरभर वर असलेल्या ओव्हरहेडला फटका तीनेक मिलिसेकंद उशिरा पोचतो. ते चालतं. चालत नाही ते दोन ओव्हरहेडचं आपापसातलं कमी-जास्त अंतर, मग स्नेअर एका कानाकडे सरकतो आणि पातळ होतो. एक सुतळी घ्या, एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा, दोन्ही माइकला सारखी पोचली पाहिजे. बास.

माइकच्या आधीचं

स्नेअर सुरात नसेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. खालचं हेड वरच्यापेक्षा जरा कडक, चावी समोरासमोर फिरवायची, प्रत्येक लगजवळ (हेड ताणणाऱ्या स्क्रूजवळ) बोटाने टकटक करून सूर एक करायचा. वायर फार आवळली की स्नेअर घुसमटतो, ढिली ठेवली की टॉम वाजवला तरी खाली भुणभुण सुरू होते. रिंग जास्त वाटली तर आवाज दाबायच्या चिकट जेलचा एक छोटा तुकडा काठाला, पण आधी माइकचं तोंड मध्याकडे वळवून बघा, अर्धी रिंग तिथेच जाते. आणि लेव्हल सेट करताना ड्रमरला "गाण्यात वाजवतोस तसं वाजव" सांगा, टेस्टला सगळे हळू वाजवतात आणि टेकला जीव खाऊन. पीक (सगळ्यात मोठा फटका) -१० डीबीच्या आसपास ठेवला की निर्धास्त.

ढोल-ताशा

पुण्यात राहून हे टाळता येत नाही. जुलै उजाडला की नदीपात्रात पथकांचे सराव सुरू होतात, संध्याकाळी माझ्या खोलीत ढोल भिंतीतून येतो. मला ते आवडतंच, पण रूम माइक त्या वेळी बंदच ठेवावा लागतो. जवळच्या स्नेअर माइकला मात्र काही होत नाही, स्नेअर इतका जवळ आणि मोठा असतो की ढोल त्याच्याखाली गाडला जातो, वर ऐंशी-शंभर हर्ट्झला हायपास (खालचे सूर कापणारा फिल्टर) टाकला की विषय संपला. सकाळची सेशन ठेवली तर तेवढंही लागत नाही.

आणि ताशा रेकॉर्ड करायला येणाऱ्यांसाठी: स्नेअरचा एसएम५७ तसाच ताशावर लावू नका. ताशाला खाली वायर नाही, पान कडक ताणलेलं, आवाज आधीच टोकदार, त्यावर या माइकचा उंचवटा म्हणजे कानाला टोचतं. एम२०१ हाताशी असेल तर तो, फूट-दीड फूट लांब, आणि काड्यांच्या टोकावर नाही तर पानाच्या काठाकडे. ताशेवाला हलत-डुलत वाजवतो, जवळ लावून उपयोग नाही. मागे बाकीचे ताशे असतील तर त्यांना माइकच्या कुशीला उभं करा.

मग काय घ्यावं

पहिला एसएम५७, यात दुमत नको. दुसरा पण एसएम५७, खालून लावायला आणि बाकी शंभर कामांना. त्यानंतर पैसे साठले आणि हॅटचा त्रास अजून असेल तर एम२०१. कंडेन्सर ब्रशवाले, हलक्या हाताचे ड्रमर खरंच येत असतील तरच. आणि माइकच्या आधी जड बुडाचा बूम स्टँड घ्या, स्वस्तातला स्टँड गाण्याच्या मध्यात हळूच खाली बसतो आणि तुम्ही मेहनतीने शोधलेला कोन घेऊन जातो.

एम२०१ नवीन महाग वाटतो म्हणून बरेच जण जुना घेतात, त्यात काही वाईट नाही. फक्त घेताना स्नेअरची वाट बघू नका, छोटा इंटरफेस आणि हेडफोन बॅगेत घेऊन जा, माइक तोंडासमोर वीतभर अंतरावर धरा, एका सुरात बोलत राहा आणि माइक जागच्या जागी सावकाश फिरवा. ९० अंश ओलांडून थोडं पुढे गेलं की तुमचा आवाज एकदम पडला पाहिजे, आणि शेपूट तोंडाकडे आलं की परत थोडा वर आला पाहिजे. नाही झालं तसं, तर किंमत कितीही कमी सांगत असला तरी सोडून द्या.